घड्याळ दीड सेकंद पुढे होतं

भूकंपाच्या कचेरीत मी नऊ वर्षं नोकरी केली आणि त्या नऊ वर्षांत माझ्या राहत्या घराला भूकंप जाणवला तो एकदाच. मला तोही जाणवला नाही. डमडमच्या क्वार्टरमध्ये मी आमटीला फोडणी देत होते. जिन्यात धावपळ झाली, शेजारच्या बंगाली काकूंनी दारावर थापा मारल्या, म्हणून खाली गेले. अख्खी इमारत मैदानात उभी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "बौदी, तुमची तर नोकरीच ही! आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी?" माझ्या हातात पळी होती आणि तिच्यातून साडीवर तेल गळत होतं.

ही गोष्ट आमच्या घरात मी दर वर्षी सांगते. मुली म्हणतात, मागच्या वर्षी पळी नव्हती, झारा होता. असेल. पण दुसरी एक गोष्ट आहे ती मी घरात कधी सांगितली नाही, यांनाही अर्धीच माहीत आहे. संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितलेत. गमतीदार होते तेवढे सुरुवातीला दिलेत. त्यांनी तेवढेच छापून बाकीचे परत पाठवले तर माझी तक्रार नाही.

साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हा यांची बदली कलकत्त्याला झाली. मी गणित घेऊन बीएस्सी झालेली, पण लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग दुधाचे खाडे मोजण्यापलीकडे झाला नव्हता. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत डॉ. सबनीस भेटले. त्यांचे आजोबा रेल्वेत लागून कलकत्त्याला आले ते परत गेलेच नाहीत. नातू बालीगंजमध्ये जन्मला, वाढला, जपानला जाऊन भूकंपशास्त्रात डॉक्टर होऊन आला आणि पुन्हा बालीगंजमध्येच राहिला. त्यांचं मराठी आजीकडून आलेलं, त्यामुळे काही शब्द पेशवाईतले आणि क्रियापदं बंगाली. ते चहा 'खायचे'. पाणीही खायचे.

"वहिनी, गणित आहे ना तुमचं? मग घरी काय करता?"

"स्वयंपाक."

"त्यात गणित कुठं लागतं?"

"सहा पाहुणे आणि पाव किलो वांगी असली की लागतं."

ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "सोमवारी या. चहा खाऊ आणि बोलू." मी गेले ती नऊ वर्षांनी बाहेर पडले.

कचेरीचं नाव सांगत नाही. छोटी वेधशाळा होती, सरकारच्या अनुदानावर चालायची. हुद्दा माझा 'गणक सहायक, तात्पुरती'. त्यातला 'तात्पुरती' हा शब्द पगारपत्रकावर इतर सगळ्या शब्दांपेक्षा ठळक टाइप व्हायचा असं मला वाटे.

काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तळघरात जमिनीत खोल रोवलेल्या एका खांबावर यंत्र बसवलेलं असतं. खांब इमारतीला कुठेही चिकटलेला नसतो, नाहीतर जिन्यावरून चढणारा प्रत्येक कारकून भूकंप म्हणून नोंदला जाईल. एक दंडगोल सावकाश फिरतो, त्यावर फोटोचा कागद, त्यावर उजेडाचा एक बारीक ठिपका. जमीन हलली की ठिपका हलतो. रोज सकाळी कागद उतरवायचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घालायचा. वाळला की तो माझ्या टेबलावर. भिंग घेऊन ओळ न् ओळ वाचायची. भूकंपाची पहिली लाट जलद येते, दुसरी रेंगाळत मागून येते. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजतो ना, तसं त्या दोघींमधले सेकंद मोजले की भूकंप किती लांब झाला ते निघतं. कागदावर दर मिनिटाला एक खूण असते, लाट नेमकी किती वाजता पोचली ते तिच्यावरून निघतं. मी सेकंदाचा दहावा भाग डोळ्यांनी ओळखायची. याचा अभिमान होता, अजून आहे. आता चष्म्याशिवाय मला कुकरची शिट्टी कुठली ते दिसत नाही, पण तेव्हा ओळखायची.

त्या कागदावर भूकंपाशिवाय बरंच काही यायचं. ट्राम यायची. दुर्गापूजेच्या चार दिवसांत ढाक, म्हणजे तिकडचे ढोल, आणि गर्दी मिळून रेघ इतकी जाड व्हायची की कागद धुवावासाच वाटायचा नाही. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की किनाऱ्याला लागायच्या आधीच आमची रेघ शहारल्यासारखी दिसायची. आणि माणसं यायची. एक गृहस्थ दर महिन्याला येऊन तक्रार करायचे की आपलं झुंबर हलतं, तसं सर्टिफिकेट द्या. शेवटी भवतोषबाबू, म्हणजे आमचे यंत्रांचे मिस्त्री, त्यांच्या घरी जाऊन आले. वरच्या मजल्यावर नृत्याचा क्लास होता.

डॉ. सबनीसांना सगळे सर म्हणत. मी 'सर' म्हणायची आणि ते 'वहिनी'. कचेरीत ते जरा विचित्र ऐकू यायचं, पण भवतोषबाबूंना वाटायचं वहिनी हे माझं नावच आहे. ते मला 'ओहिनीदी', म्हणजे वहिनीताई, म्हणत.

सरांचे लेख वीसेक छापून आले होते. सावकाश काम करणारा माणूस. एका वाक्यात 'बहुधा' घालायचं की 'कदाचित' यावर आठवडा घालवायचे. असे लेख कोणी वाचत नाही. म्हणजे वाचतात, पण त्याबद्दल बोलत नाहीत. शास्त्रज्ञाला त्याचं काम कोणाच्या उपयोगी पडलं हे कळण्याचे तेव्हा दोन मार्ग होते. एक, दुसरा कोणी आपल्या लेखाच्या शेवटी संदर्भ म्हणून तुमचं नाव देतो. दुसरा, पोस्टकार्ड. परदेशातले लोक छापील कार्ड पाठवत, 'आपला अमुक लेख वाचायची इच्छा आहे, कृपया एक प्रत पाठवावी.' लेखकाकडे छापलेल्या प्रतींचा गठ्ठा असतो, त्यातली एक पाठवायची. सरांच्या कपाटात असे वीस गठ्ठे होते, सुतळ्या न सोडलेले. ते म्हणायचे, "मी मेल्यावर रद्दीवाल्याला चांगला कागद मिळेल."

मग पूर्वेकडे, आसाम आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरांत, सात-आठ महिने भूकंपांची रांग लागली. मोठा एकही नाही, पण आमच्या कागदावर स्वच्छ उमटणारे पुष्कळ. मी वाचत गेले, आकडे सरांना देत गेले. एक दिवस ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, पूर्वेकडून येणारी लाट उशिरा येते हो. तीन सेकंद. पश्चिमेकडची नाही येत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे खाली गाळ आहे. गाळात लाट मंदावते. पण इतकी? इतकी मंदावायला गाळ किती खोल पाहिजे ठाऊक आहे?" ते माझ्या टेबलावर टेकले. त्या टेबलावर ते पूर्वी कधी टेकले नव्हते. "आपण सगळे ज्याच्यावर उभे आहोत, त्याचा तळ कोणी समजतं त्याच्या कितीतरी खाली आहे."

जाताना परत फिरून विचारलं, "घड्याळाचं करेक्शन लावलंय ना?"

"लावलंय."

लावलं होतं.

आता घड्याळाचं. कुठलंच घड्याळ बरोबर नसतं. रोज सकाळी भवतोषबाबू रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकून आमचं घड्याळ किती चुकतंय ते काढायचे आणि रजिस्टरात आकडा लिहायचे. तो आकडा मी प्रत्येक वेळेत मिळवायची. जुनं घड्याळ कायम मागे असायचं, म्हणून मिळवायची. पूर्वेची रांग सुरू झाली त्याच सुमारास नवं घड्याळ आलं होतं, आणि त्याचं नवं रजिस्टर. ते घड्याळ लोडशेडिंगला कंटाळून आठ-नऊ महिन्यांत बंद पडलं आणि जुनं पुन्हा लागलं. पण ते चाललं तेवढे दिवस भवतोषबाबूंनी आकडे लिहिले आणि मी ते मिळवले.

सरांनी लेख लिहिला. त्यात एकही 'कदाचित' नव्हतं. शेवटी आभार मानले होते, त्यात माझं नाव, 'नोंदींच्या काळजीपूर्वक वाचनाबद्दल'. ती ओळ मी यांना चार वेळा वाचून दाखवली. हे म्हणाले, "आमटीत मीठ विसरणाऱ्या बाईला परदेशात काळजीपूर्वक म्हणताहेत."

लेख परदेशातल्या मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला. प्रूफं आली तेव्हा सर संदेशचा, म्हणजे बंगाली मिठाईचा, डबा घेऊन आले. सगळ्यांना वाटला, अगदी गेटवरच्या दरवानालाही. मग मला प्रूफं देऊन म्हणाले, "तक्ता एकदा रजिस्टराशी ताडून बघा. तीन दिवसांत परत टाकायचीत."

मी ताडून बघत होते. आकडे सगळे जुळत होते. जुळणारच, तेच मी दिलेले. एका तारखेचा आकडा पुसट होता म्हणून रजिस्टर पहिल्या पानापासून उघडलं. पहिल्या पानाच्या डोक्यावर, एकदाच, भवतोषबाबूंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं की हे घड्याळ पुढे आहे.

मी तळघरात गेले. भवतोषबाबू कागद चिमट्यांना लावत होते.

"ते नवीन घड्याळ, जे बंद पडलं, ते पुढे होतं का मागे?"

"पुढे. सेकंद-दीड सेकंद. का ओहिनीदी?"

"सहज."

पुढे असलेल्या घड्याळातून वजा करायचं असतं. मी मिळवलं होतं. दीड सेकंद वजा करायच्या जागी दीड मिळवला म्हणजे तीन सेकंद झाले. पश्चिमेच्या नोंदी आधीच्या, जुन्या घड्याळावरच्या, म्हणून त्या बरोबर होत्या. गाळ खोल नव्हता. पूर्वेची लाट उशिरा येत नव्हती. ती वेळेवर येत होती आणि मी तिला उशीर करत होते.

मी वर आले. सर टेलिफोनवर कुणाशी तरी बंगालीत बोलत होते, हसत होते. माझी कायम करण्याची फाईल त्याच आठवड्यात पुढे सरकली होती. हे कारण मी पुढे अनेक वर्षं स्वतःला दिलं, आणि ते खोटंही नाही. पण सरांच्या खोलीच्या दाराशी मी उभी राहिले तेव्हा फाईल माझ्या डोक्यात नव्हती. संदेशचा डबा उघडाच पडला होता. त्यांनी हातानंच खूण केली, अजून एक घ्या. मी घेतला. उद्या सांगू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बंद होता, बस नव्हत्या, गाड्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत पोचले तोवर सरांनी प्रूफं स्वतः पोस्टात टाकली होती. तक्ता बरोबर आहे, असं मीच आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी घरी जाताना सांगितलं होतं.

लेख छापून आला आणि पोस्टकार्डं आली. जपान, मेक्सिको, प्राग, कुठून कुठून. सरांनी एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. पुढे गठ्ठा संपला तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घालून आणखी प्रती मागवल्या. कार्डावरची तिकिटं कापून ते माझ्या धाकटीला द्यायचे. ती संध्याकाळी दारातच विचारायची, "आज कुठला देश आला?" मी पिशवीतून देश काढून तिच्या हातावर ठेवायची.

पहिलं वर्ष पत्रं आली ती कौतुकाची. मग एका परदेशी गटानं आसपासच्या इतर भूकंपमापन ठाण्यांच्या नोंदी तपासल्या आणि लिहिलं की आम्हाला असा उशीर दिसत नाही. मग दुसऱ्यानं लिहिलं. सर अस्वस्थ झाले. त्यांना शंका आली ती स्वतःच्या सिद्धान्ताची. लाटेचा गाळातला वेग चुकला असेल, खडकातला चुकला असेल. ते पुन्हा मांडत गेले. पावसाळा गेला, पूजा गेली, हिवाळा गेला. त्यांच्या खोलीत कागदांचा ढीग खुर्चीपर्यंत आला. एकदा मी म्हटलं, "सर, मूळ नोंदी एकदा बघूया का?"

"नोंदी कशाला?" ते म्हणाले. "त्या तुम्ही वाचल्यात."

याऐवजी त्यांनी मला शिवी दिली असती तर ती मला सोसली असती.

प्रूफं गेली त्याला दोन वर्षं होत आली तेव्हा मी एका सकाळी रजिस्टर घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि पहिलं पान उघडून समोर ठेवलं. सरांनी वाचलं. मग पेन्सिल घेऊन माझ्या आकड्यांतून एक वेळ काढली, वजा केली. दुसरी काढली, वजा केली. पाचवी झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली.

"बसा," म्हणाले.

मी बसले.

"केव्हा लक्षात आलं?"

मी म्हटलं, "काल."

"काल." त्यांनी मान हलवली. "बरं झालं. म्हणजे मी वेडा नव्हतो. गणित बरोबर होतं, फक्त आत आलेलं चूक होतं." आणि खरंच सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. मला म्हणाले, "चहा खाता?"

मी रडायला लागले. त्यांना वाटलं, चूक झाली म्हणून रडतेय.

"वहिनी, असं करायचं नाही. बेरीज-वजाबाकी माझ्या मास्तरांनीही चुकवलीय. जपानमध्ये."

दुरुस्तीची टीप त्यांनी त्याच दिवशी लिहिली. अर्धं पान. मी म्हटलं, चूक माझी आहे, तसं लिहा. ते म्हणाले, "लेखावर नाव कोणाचं? कार्डं कोणाला आली? मग हेही मलाच यायला पाहिजे." टिपेत त्यांनी लिहिलं की घड्याळाची दुरुस्ती लावताना लेखकाची चूक झाली आणि ती लक्षात येताच कळवण्यात येत आहे. टीप छापून आली. तिच्यासाठी एकही पोस्टकार्ड आलं नाही.

पण लेखाचे संदर्भ थांबले नाहीत. उलट वाढले. अर्धं पान कोण वाचतो? ज्याला ज्याला गाळावर लिहायचं होतं तो तो आधी सरांचा लेख चूक आहे असं लिहून मग आपलं म्हणणं मांडायचा. वर्गात काय करू नये हे सांगायला एका मुलाचं नाव घेतात ना, तसं झालं. सरांचे बाकीचे वीस लेख 'बहुधा' आणि 'कदाचित' यांच्यासह सुतळीत बांधलेले राहिले.

त्यानंतर आमच्या वेधशाळेच्या प्रमुखाची जागा निघाली. सरांच्या निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती. ती जागा मिळाली असती तर ईशान्येकडे चार नवी ठाणी उभी करायची त्यांची योजना होती, नकाशा त्यांच्या टेबलाच्या काचेखाली कैक वर्षं होता. नुसत्या पदासाठी हा माणूस अर्ज करता ना. निवड समितीनं त्या वर्षी नवी गोष्ट मागितली. कोणाच्या लेखाला जगभरात किती जणांनी संदर्भ दिला, हे छापलेले परदेशी जाडजूड ग्रंथ तेव्हा शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात येऊ लागले होते. त्यातून प्रत्येक उमेदवाराची संख्या काढून पाठवा, असं पत्र आलं. मोजायला अर्थातच मला पाठवलं. काळजीपूर्वक वाचनाबद्दल प्रसिद्ध होते ना.

मुंगीएवढी अक्षरं. सरांचं नाव सापडलं. एका लेखाखाली दोन ओळी, एकाखाली एक, पुष्कळांखाली काहीच नाही. आणि त्या लेखाखाली ओळीच ओळी, रकाना संपून पुढच्या रकान्यात गेलेल्या. आमच्या कचेरीतच काय, दिल्लीहून अर्ज केलेल्या उमेदवारांमध्येही कोणाचे इतके नव्हते.

मी कागद सरांपुढे ठेवला.

"म्हणजे मी पहिला?"

"हो."

"मजा आहे." मग म्हणाले, "वहिनी, पुन्हा जाल? प्रत्येकानं संदर्भ कशासाठी दिलाय ते बघून या. एक रकाना करा. बाजूनं की विरुद्ध."

"सर, समितीनं ते मागितलेलं नाही."

"त्यांना सुचलं नसेल."

तीन शनिवार मी ग्रंथालयात बसून एकेक नियतकालिक उघडलं. बाजूनं निघाला तो एकच. तो सरांचा जुना विद्यार्थी होता, त्यानं भिडेखातर लिहिलं असावं. भवतोषबाबूंना कळलं तेव्हा ते सरांवर अक्षरशः ओरडले. "सार, लोक नसलेलं सांगतात! तुम्ही नुसतं गप्प बसायचंय, गप्प! तेवढंही जमत नाही?" गप्प बसणं कोणाला जमतं ते मला माहीत होतं.

मुलाखतीहून सर आले ते थेट माझ्या टेबलाशी.

"अध्यक्षांनी उठून हात मिळवला. म्हणाले, तुमच्या कामाचा जगात इतका प्रभाव आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मग मी तुमचा रकाना पुढे केला."

"मग?"

"मग एकानं विचारलं, ही चूक तुम्हाला दुसऱ्यांनी दाखवली का? मी म्हटलं, नाही. शंका दुसऱ्यांनी काढली, चूक आम्ही शोधली आणि दुसऱ्या दिवशी कळवली. दुरुस्तीची टीप दाखवली. म्हटलं, माझ्या सगळ्या छापील कामात हे अर्धं पान मला सगळ्यात जास्त आवडतं."

जागा दिल्लीच्या गृहस्थांना मिळाली. ते चांगले होते, पण त्यांना ईशान्येत रस नव्हता. ठाणी उभी राहिली नाहीत. काचेखालचा नकाशा सरांनी निवृत्त होताना काढला तेव्हा तो काचेला चिकटून फाटला.

पुढे वर्षभरात यांची बदली नागपूरला झाली. सर गेल्याचं मला तिथं, भवतोषबाबूंनी इंग्रजीत लिहिलेल्या पत्रावरून कळलं. तोवर त्याला पुरे दोन महिने झाले होते.

त्याआधीची आमची शेवटची भेट सांगायची राहिली. कलकत्ता सोडायच्या आठवड्यात मी बालीगंजला त्यांच्या घरी निरोप घ्यायला गेले. मनाशी ठरवून गेले होते. सबनीसकाकू चहा ठेवून आत गेल्या तशी मी म्हटलं, "सर, ते घड्याळाचं मला काल कळलं नव्हतं."

त्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. कप अर्ध्यावर थांबला.

"मग केव्हा?"

"प्रूफं आली तेव्हा."

"संदेश आणला होता त्या दिवशी?"

"हो."

मला वाटलं होतं रागावतील, किंवा नेहमीसारखं जपानच्या मास्तरांचं काहीतरी सांगतील. ते हलक्या आवाजात म्हणाले, "एक तार केली असती तरी थांबलं असतं." मग म्हणाले, "मी तिथं लिहिलंय, लक्षात येताच कळवत आहे. समितीलाही तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी, म्हटलं."

मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं ना."

"मला नव्हतं. पण ते खरं नव्हतं."

एवढंच बोलले. मी त्यांच्याकडून सगळ्यात आवडतं अर्धं पान काढून घेतलं होतं, आणि तेही माझं मन हलकं व्हावं म्हणून. ते काही हलकं झालं नाही. सांगायचंच होतं तर छापायच्या आधी, नाहीतर कधीच नाही, हे मला तो चेहरा बघून कळलं. यांना घरी येऊन सांगितलं ते एवढंच, की सर थकलेत.

तरी ते मला बसपर्यंत सोडायला आले. गुडघे दुखत होते, सावकाश चालत होते. मी नको म्हटलं तर ऐकेनात. थांब्यावर उभे असताना त्यांनी एकदम विचारलं, "वहिनी, मी ओरडायचो का कधी?"

"नाही सर."

"मग तुम्हाला भीती कसली वाटली?"

"भीती नाही वाटली," मी म्हटलं. "तुम्ही फार खूश होता."

मला बस आलेली दिसत होती, त्यांना अजून दिसली नव्हती.

"होतो खरा," ते म्हणाले, आणि बस थांबवायला त्यांनी हात वर केला.